गाळ्यावर येणाऱ्या बाई

७ जानेवारी

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण मागच्या वेळी फोनवर आपले आवाज कुठवर चढले ते तुलाही आठवत असेल. शेवटी दादानं तुझ्या हातातून फोन काढून घेतला. कागदावर माणूस जरा थांबून बोलतो. शिवाय घरात फोन वाजला की आईचे कान तिकडे असतात, आणि हे तिच्या कानावर जायला नको.

परवा तुमच्याकडून निघाले ती थेट स्टेशनवर गेले नाही. गाडीला वेळ होता, माझ्याकडची किल्ली पर्समध्ये होतीच, म्हणून वाटेत गाळ्यावर उतरले. बाबा गेले, घरमालकानं घर मागितलं, आई तुमच्याकडे आली आणि तिचा सगळा संसार आपण त्या भाड्याच्या गाळ्यात शटरमागे कोंबला, त्याला दोन वर्षं होत आली. तेव्हापासून मी आत पाऊल टाकलं नव्हतं.

वहिनी, आतलं सामान हललंय. आईचं रफूचं टेबल नाही. त्याच्यावरचा वाकत्या मानेचा दिवा नाही, उंच खुर्ची नाही. जिथं टेबल होतं तिथली फरशी स्वच्छ आहे आणि भोवती धूळ. म्हणजे फार दिवस झालेले नाहीत. त्या टेबलावर वाकून आईनं लॉन्ड्रीवाल्यांनी आणलेल्या कोटांची भोकं बुजवली आणि त्यावर आमच्या शाळेच्या फिया भरल्या. डोळे अधू झाले तेव्हा आपणच तिला ते काम बंद करायला लावलं. बाजारात त्या टेबलाला कोण विचारतंय? पण आमच्यासाठी त्याची किंमत काय आहे, ते तुला वेगळं सांगायला नको.

तू रागावू नकोस. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पोट शिवायच्या आधी चिमटे आणि बोळे मोजायचे, एक जरी कमी भरला तरी डॉक्टरला टाका घालू द्यायचा नाही, ही माझी नोकरी. काय कमी आहे ते माझ्या डोळ्यांना आधी दिसतं. एवढंच विचारते : कुणाला काही दिलंत का?

तुझी नणंद


१५ जानेवारी

आदरणीय वन्सं,

आपलं पत्र पावलं. 'रागावू नकोस' असं आधी सांगून माणूस जे लिहितो ते रागावण्यासारखंच असतं, हा माझा अनुभव. सासरी आल्यापासून ऐकते आहे, घरात तुला फौजदार म्हणतात ते उगाच नाही.

आम्ही कुणाला काहीही दिलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यानंतर आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकलेलंही नाही. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत जीव मुठीत धरून बसते आणि परक्या माणसांना क्लच सोडायला शिकवते. त्यातून वेळ काढून मी सासूचं टेबल पळवीन, एवढी उसंत मला देवानं दिलेली नाही.

तरी तुझं पत्र आलं म्हणून काल मुद्दाम जाऊन आले. टेबल नाही, हे खरं. गेटवरच्या राखणदाराला विचारलं. तो कानाला रेडिओ लावून बसलेला. म्हणाला, "त्या बाई येतात की. चष्मेवाल्या. टेम्पो घेऊन आल्या होत्या. किल्लीनं कुलूप उघडतात, म्हणजे घरच्याच असणार. मी कशाला हटकू?"

चष्मा मला आहे तसा तुलाही आहे. किल्ल्या दोन. एक आमच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर, दुसरी तुझ्या पर्समध्ये. आणि तू आम्हाला न सांगता गाळ्यावर जाऊन आलीस, हे तूच लिहितेस. एकदा न सांगता गेलेलं माणूस आधी कितीदा गेलं असेल, ते मी कसं सांगू?

आईंना यातलं काही बोलले नाही. त्या बऱ्या आहेत. मोतीबिंदू काढून नवा चष्मा आल्यापासून पेपरातली बारीक अक्षरंसुद्धा सोडत नाहीत. गुडघ्याच्या व्यायामाला आता एक दिवसाआड जातात. गुण चांगला आलाय, जिना चढताना कठडा धरत नाहीत.

तुझी वहिनी


२४ जानेवारी

वहिनी,

उलटा चोर कोतवालाला दटावतो, ते हे असं.

मी गाळ्यावर एकदाच गेले, आणि गेले ते स्वतः होऊन तुला कळवलं. लपवायचं असतं तर कळवलं असतं का? आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. परवा दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाला, "त्या गाळ्याचं भाडं आणखी किती दिवस भरायचं? देऊन टाकू सगळं कुणाला तरी." इकडे सामान कमी होतंय आणि तिकडे दादा गाळा सोडायचं काढतो. पाणी कुठं मुरतंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. दादाच्या तोंडी हे वाक्य कुणी घातलं असेल, तेही कळतं. लग्न झाल्यापासून त्यानं स्वतःच्या मनानं मोजेसुद्धा विकत घेतलेले नाहीत.

राखणदाराला मीही फोन केला. तुझ्या सांगण्यावर विसंबून राहायला नको म्हणून. तो म्हणाला, "बाई कडक आहेत हो. टेम्पोवाल्याच्या सारख्या मागे लागल्या होत्या. हळू घे, डावीकडे घे, आरशात बघ."

आता तूच सांग. आपल्या घरात दिवसभर 'हळू घे, डावीकडे घे, आरशात बघ' असं ओरडणारी बाई कोण?

मला टेबलाचं काही करायचं नाही. विकलं असशील तर विकलं म्हण. पण आईला कळलं तर तिला काय वाटेल, याचा विचार कर.

नणंद


३ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र तुझ्या दादाला वाचायला दिलं. मोज्यांपर्यंत आले आणि हसायला लागले. मला काही हसू आलं नाही.

'डावीकडे घे' जगातली प्रत्येक बाई टेम्पोवाल्याला सांगते. पण तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून शनिवारी मी गाळ्याचं कुलूपच बदललं. नव्या कुलपाची एकच किल्ली ठेवली. ती माझ्या पर्समध्ये आहे आणि राहील. तुझ्याकडची जुनी किल्ली आता कान कोरायला वापर.

कुलूप बदलताना आत नीट पाहिलं. टेबलाचं सोड. किटली नाही, इस्त्री नाही, कपबशा ठेवलेलं खोकं नाही. आणि फौजदार, लोखंडी कॉट गेली. आख्खी कॉट! ती मी कुठं लपवणार, माझ्या गादीखाली? माझ्या दोन खोल्यांत नवरा मावतो हेच नशीब. तू आलीस की कपाटांमागे डोकावून पाहतेस ते मला दिसतं. कॉट दिसली का कधी?

खरं सांगू, आता मला तुझाही संशय येत नाही. कॉट घेऊन तू रेल्वेत कशी चढशील? हे कुणी तिसरंच आहे, आणि त्याची भीती वाटते.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. जेवताना मी सहज म्हटलं, गाळ्याचं कुलूप बदललं. आईंचा घास हातातच राहिला. "का बदललंस?" म्हणाल्या. मग, "किल्ली कुठं टांगलीस?" सांगितलं, माझ्याकडे आहे. सकाळी पुन्हा विचारलं, "किल्ली खुंटीवर दिसत नाही ती?" संध्याकाळी परत तेच. त्यात खालच्या मजल्यावरच्या बाई सांगत होत्या, आई व्यायामाला म्हणून निघतात आणि चौकातून भलत्याच रस्त्याला वळतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "वळले असेन." त्यांच्या बोटांना बारीक बारीक टोचल्याच्या खुणा आहेत. विचारलं की हात पदराखाली घेतात.

तू दवाखान्यातली. हे विसरण्याचं दुखणं तर नसेल?

वहिनी


१० फेब्रुवारी

सौ. वहिनीस,

पत्र वाचून कामात लक्ष लागलं नाही. तेच तेच विचारणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, हात लपवणं. सुरुवात अशीच असते. आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांची मुलं नेमकं हेच सांगतात, आणि पुढे हेही सांगतात की आम्ही आधी लक्ष दिलं नाही.

पण वहिनी, एक शंका मनातून जात नाही. लिहू की नको असं करत होते. कुलूप म्हटल्यावर आईचा घास हातात राहिला, म्हणतेस. माणूस विसरतो तेव्हा गोंधळतो. घास अडतो तो भीतीनं. सामान कोण नेतंय ते आईनं पाहिलं असेल का? आणि ज्या घरात राहायचं त्याच घरातल्या माणसाबद्दल बोलायचं कसं, म्हणून ती गप्प असेल का? वाईट वाटून घे हवं तर. मला माझी आई महत्त्वाची.

रजा टाकली आहे. महिनाअखेर येते आणि तिला माझ्याकडे घेऊन जाते. इथं चांगले डॉक्टर आहेत, तपासण्या होतील, मग ती इथंच राहील. तिची बॅग भरून ठेव, पण तिला आधी सांगू नकोस. उगाच घाबरेल.

नणंद


१६ फेब्रुवारी

वन्सं,

येऊ नकोस. निदान आईंना न्यायला येऊ नकोस.

सामान सापडलं. सगळं जागेवर आहे, काही विकलेलं नाही, मोडलेलं नाही. कुठं आहे ते लिहीत नाही. आईंच्या डोक्याला काहीही झालेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. आपल्या दोघींपेक्षा त्यांचं डोकं ताळ्यावर आहे. माझ्यावर एकदाच विश्वास ठेव आणि गप्प बस.

वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

विश्वास? सामान गेलं तेव्हा तुला काही माहीत नव्हतं, सापडलं तेव्हा तुला एकटीलाच माहीत. चार ओळींचं पत्र, आणि त्यात दोनदा 'येऊ नकोस'. परवापर्यंत आईच्या विसरण्याची तुला काळजी होती, आता शपथ घेतेस. घरी डॉक्टर नाही, तपासणी नाही, मग हे तुला कळलं कसं?

तू काहीतरी दडवते आहेस. तिकीट काढलंय. येणार म्हणजे येणार.

आणि आता मध्यस्थ नको, म्हणून आईलाच वेगळं पत्र टाकलंय. तिला सगळं लिहिलंय, तुझा संशय, माझा संशय, तिच्या तपासण्यांचं. सरळ विचारलंय की गाळ्यातलं सामान नेताना तू कुणाला पाहिलंस का.

नणंद


२३ फेब्रुवारी

दोघींना अनेक आशीर्वाद.

एकच पत्र दोनदा लिहिलंय. एक टपालात टाकते आहे, दुसरं सूनबाईच्या उशीखाली ठेवते आहे. म्हणजे माझ्या पत्रावरून आणखी एक भांडण नको.

मुली, तू विचारतेस सामान नेताना कुणाला पाहिलंस का. पाहिलं. मीच नेत होते.

डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि चष्मा आला, त्यानंतरची गोष्ट. मोठ्या चौकापलीकडे लॉन्ड्री आहे, तिची मालकीण माझ्या ओळखीची. पूर्वी तिची सासू मला काम द्यायची. एकदा सहज आत गेले तर काउंटरवर एक चांगला लोकरी कोट होता आणि कोपरावर कुणीतरी ठिगळ लावल्यासारखी शिवण घातली होती. मला बघवेना. म्हटलं, हे कुणी केलं? ती म्हणाली, "आता हे काम कुणाला येतं हो? तुम्ही बसा ना." मी तिथंच बसले, ठिगळ उसवलं, कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे काढले आणि भोक विणून काढलं. संध्याकाळी तो माणूस आला. त्यानं कोपर उजेडात धरला आणि म्हणाला, "फाटलं होतं कुठं?" दोन वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. तुम्ही सगळे 'बरं वाटतंय ना' विचारता. तेही चांगलंच आहे.

मग टेम्पो करून टेबल लॉन्ड्रीत नेलं, टेम्पोवाल्याला सूनबाईसारखंच 'आरशात बघ' म्हणत. टेबल म्हटल्यावर दिवा आणि खुर्ची आली. लॉन्ड्रीच्या वर तिची एक खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला. मग कॉट नेली, कारण मला तिथं राहायचं आहे. येत्या एक तारखेपासून.

सुनेच्या घरात मला काही कमी नव्हतं. हे मी कुणापुढेही सांगेन. पण हे गेल्यावर तुम्ही मुलांनी ठरवलंत, घर सोडायचं, सामान कुठं जाईल आणि मी कुठं जाईन. मी मान डोलावली. तेव्हा मला दुसरं काही सुचत नव्हतं. आता सुचतंय.

आधी सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर तुम्ही मला बसवून समजावलं असतंत. प्रेमानंच. आणि मी परत मान डोलावली असती, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. म्हणून आधी खोली लावली. व्यायामाच्या नावाखाली जात होते, ते खोटं बोलले. पण गुडघा खरंच सुधारला.

तुमच्या पत्रांचं मला काही कळत नाही असं दोघींना वाटत होतं. टपाल दुपारी येतं, तेव्हा घरी मीच असते. एकही उघडलं नाही. लिफाफ्याच्या जाडीवरून भांडण किती पेटलंय त्याचा अंदाज यायचा. पण भांडण माझ्या सामानावरून आहे, हे मुलीचं पत्र येईपर्यंत कळलं नाही.

तुम्ही एकमेकींवर संशय घेतलात, माझ्या मुलावर घेतलात, माझ्या डोक्यावर घेतलात. हे म्हातारीचं काम असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. चोर म्हणून माझं नाव निघालं नाही याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, मला ठरवता येईना.

नवी किल्ली मध्ये काही दिवस दिसत नव्हती. मग एका सकाळी ती खुंटीवर होती. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही.

गाळ्यात उरलेलं मला नको. तुम्ही दोघी समोरासमोर बसा आणि वाटून घ्या. भांडलात तरी चालेल. पण टपालानं नको.

आई


४ मार्च

वहिनी,

घरी पोचले. दोन दिवस तुमच्याकडे होते, पण आपण दोघी एकमेकींशी चहा-साखरेपलीकडे बोललो नाही.

आईकडे गेले तेव्हा ती कामात होती. माझ्या आधी एक माणूस पँट घेऊन उभा होता. आईनं मला पाहिलं, आणि "बस, यांचं आधी बघते" म्हणाली. मी बाकावर बसले. माझी आई, आणि मी बाकावर. राग आला. मग तिचे हात पाहत बसले. आमच्याकडचे सर्जन असे टाके घालतील तर मी रोज त्यांच्या पाया पडेन. तिला काही झालेलं नाही, हे मान्य.

पण एक विचारायचंय, आणि तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. किल्ली तूच खुंटीवर ठेवलीस. म्हणजे आई कुठं जाते, काय करते, ते तुला 'येऊ नकोस' लिहिलंस तेव्हाच ठाऊक होतं. मला का सांगितलं नाहीस? तू तिला अडवलं नाहीस, उलट किल्ली दिलीस. राहवत नाही म्हणून लिहिते : आई घरातून जायलाच हवी होती का तुला?

सरळ उत्तर दे.

नणंद


११ मार्च

वन्सं,

सरळ उत्तर देते.

विसरण्याचं दुखणं असेल, या धास्तीनं मी आईंवर नजर ठेवून होते. एक दिवस एका नवशिक्या बाईंना गाडी शिकवत होते, आणि पुढे आई चालताना दिसल्या. व्यायामाच्या उलट्या दिशेला. मी बाईंना म्हटलं, त्या पांढऱ्या केसांच्या बाईंच्या मागे घ्या, हळू. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "पाठलाग पहिल्याच आठवड्यात शिकवतात का?" मागून लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते. दोनदा गाडी बंद पडली, तरी आई पुढे गेल्या नाहीत, कारण त्या वाटेत थांबून दुकानांतले कोट बघत होत्या.

लॉन्ड्रीच्या काचेतून मी टेबल पाहिलं. दिवा पाहिला. आई दिव्याखाली बसल्या होत्या, आणि मालकिणीला काहीतरी सांगून मोठ्यानं हसल्या. माझ्या घरात दोन वर्षांत तसं हसू मी ऐकलं नव्हतं. मी आत गेले नाही. गाडीत येऊन बसले आणि रडले. नवशिक्या बाई माझं सांत्वन करत राहिल्या, त्यांचा तास वाया गेला.

तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या गाडीनं आली असतीस, आणि त्यांच्या डोळ्यांची, गुडघ्याची, एकटेपणाची काळजी काढून त्यांना घेऊन गेली असतीस. चांगल्या मनानंच. त्या 'बरं' म्हणाल्या असत्या. तुझ्या दादालाही म्हणूनच सांगितलं नाही.

मला त्या जायला हव्या होत्या का? नको होत्या. सासू वेगळी राहायला गेली म्हटल्यावर लोक कुणाकडे बघणार? तुझ्या दादाकडे नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारायला सुरुवात केली आहे. नातेवाईक अजून यायचेत. सुनेनं म्हातारीला बाहेर काढलं, कॉटसकट काढलं, असंच म्हणतील. हे सगळं त्या काचेपाशी उभी असतानाच मला दिसलं होतं. रात्री पर्स उघडून किल्ली हातात घेतली, परत ठेवली. सकाळी खुंटीला लावली.

तू मला ओळखतेस तेवढं मला पुरे. माझा खरेपणा लोकांना पटवायला मी जाणार नाही, आणि मी सांगून कुणाला पटणारही नाही. पण तुला कुणी विचारलं तर जे पाहिलंस ते सांग. तू माझ्या बाजूनं कधीच बोलत नाहीस, हे साऱ्या गोताला ठाऊक आहे. म्हणून तू सांगितलंस तर पटेल.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

काल मावशीचा फोन आला होता. तिला कुठून तरी कळलंय. आधी तब्येतीचं विचारलं, मग हवेचं बोलली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई वेगळी राहायला लागली म्हणे. सुनेशी पटेना का?"

मी म्हटलं, "मावशी, आईला काम करायचं होतं आणि स्वतःची खोली हवी होती. वहिनीनं तिला जाऊ दिलं. मी असते तर जाऊ दिलं नसतं."

मग मावशीनं आईच्या खोलीचा पत्ता उतरवून घेतला.

तुझी
फौजदार